सेव्हरिनला सोडायचं राहिलं

ड्रम विकायचा नाही, हे आधीच सांगतो. तुम्ही आत्ता वाजवून पाहिलात, कसा खणखणीत कडकडला. तरी नाही. का नाही ते ऐकायचं असेल तर बसा, कॉफी घ्या. बोलता बोलता माझा आवाज चढला, तर तो तुमच्यावर चढला असं समजू नका. चौदा वर्षं झाली, माझा राग अजून उतरलेला नाही.

त्या शनिवारी सकाळी मी ऑर्टेन्सकडे बायकोचं पातेलं आणायला गेलो होतो. ऑर्टेन्सचा नवरा, सेव्हरिन, दोन आठवड्यांपूर्वी गेला होता, आणि तेव्हा आमच्या घरून तिच्याकडे राजमा-भात गेला होता, त्याचं ते पातेलं. सेव्हरिन क्लॅरिनेट वाजवायचा. चाळीस वर्षं त्यानं या आमच्या काळ्यांच्या ट्रेमे मोहल्ल्यातली माणसं वाजवत थडग्यापर्यंत पोहोचवली. मला चालत चालत वाजवायला त्यानंच शिकवलं.

आमच्याकडे मयताबरोबर बँड असतो. जाताना संथ धून. माझ्या या ड्रमच्या खालच्या अंगाला तारा आहेत ना, त्यांच्यात रुमाल खोचायचा, म्हणजे आवाज दबका निघतो. माणूस थडग्यात गेला, मंडळी दफनभूमीच्या फाटकाबाहेर आली, की ड्रमवाल्यानं तो रुमाल उपसायचा. तारा कडाडतात, आणि तिथून सगळे नाचत घरी. त्या कडाडण्यानं मेलेला सुटतो असं आम्ही मानतो. त्याआधी नाही, आणि भलत्या जागी तर मुळीच नाही.

इस्पितळात, काळ्यांच्या वॉर्डात, सेव्हरिननं माझं मनगट धरलं होतं. म्हणाला, "नेझ, मला मुक्यानं नेऊ नका. रुमाल तू काढ. आणि फाटकाबाहेरच काढ." मी हो म्हटलं.

आणि नेलं मुक्यानंच. पोलिसांनी बँडला परवानगी नाकारली. शहरात पाहुण्यांची गर्दी आहे, रस्त्यावर वाजंत्री नको. चारशे माणसांना वाजवत पोहोचवणारा माणूस एका गाडीतून पंधरा मिनिटांत उरकला. मी खिशात हात घालून उभा होतो. त्या हातांचं काय करावं मला कळत नव्हतं.

आता पुढचं ऐका, म्हणजे माझं डोकं का फिरतं ते कळेल. दोनच आठवड्यांत त्याच पोलिसांनी एका अंत्ययात्रेला तीन मोटारसायकली दिल्या. कुणाची अंत्ययात्रा? कुणाचीच नाही. मोठ्या हॉटेलात फर्निचर विकणाऱ्यांचं संमेलन भरलं होतं, आणि त्यांना म्हणे गेल्या वर्षीची मंदी पुरायची होती. रिकामी पेटी, भाड्याच्या उंच टोप्या, आणि मजा म्हणून आमचा बँड. आमचा म्होरक्या लुसिएन, ट्रंपेटवाला, त्यानं काम घेतलं. आपण नाही गेलो तर दुसरे जातील, म्हणाला. मी त्याला नको नको ते बोललो आणि येणार नाही म्हणून निघून आलो.

हे सगळं मी ऑर्टेन्सच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ओकलो. ती रडली नाही. आत गेली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधतात ती बोरूची पत्ती. सेव्हरिननं शेवटची वाजवलेली, महिनोन् महिने कोरडी पडलेली, कडेला दातांची खूण.

"जा बाळा," ती म्हणाली. "बँड त्यांचा, पोलीस त्यांचे, पेटीपण त्यांचीच. माणूस आपला घाल."

दोन आठवड्यांत मी पहिल्यांदा हसलो. त्या दुपारी मिरवणूक आमच्या दफनभूमीवरूनच जाणार होती. हसण्याच्या भरात पातेलं तिथंच राहिलं.

हॉटेलच्या मागच्या अंगणात पेटी ठेवली होती. कुणी बघत नाही असं पाहून मी ती पत्ती आतल्या साटिनच्या खाली सारली. लुसिएनला कानात सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून परत नीट घातली, आणि ट्रंपेट तोंडाला लावला. मी तारांत रुमाल खोचला. धून इतकी संथ सुरू झाली, की फुटपाथवरच्या बायका छातीवर क्रुसाची खूण करू लागल्या.

सहा विक्रेते पेटी एकेका हातानं खांद्यावर धरून खिदळत निघाले. रस्त्याच्या तिसऱ्या कोपऱ्याला त्यांनी दुसरा हात लावला. पाचव्या कोपऱ्याला खिदळणं थांबलं. एकाची मान लालबुंद झाली होती. "कुणी दगड भरलेत यात?" तो पुटपुटला.

मग वास आला. दाढी केल्यावर लावायचं लवंगेचं पाणी, आणि त्याच्याखाली इस्पितळातलं फिनेल. मग माझ्या पाठीमागून क्लॅरिनेट ऐकू आलं. खालच्या पट्टीत, दम जपून वाजवलेलं. त्या दिवशी आमच्यात क्लॅरिनेटवाला नव्हता. मी मागे वळलो नाही. लुसिएननंही सूर सोडला नाही. मला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त बरं वाटलं. येतोय आपला माणूस, वाजत येतोय.

दफनभूमीचं फाटक दिसू लागलं. दोन कोपरे उरले होते. तेवढ्यात हॉटेलचा व्यवस्थापक, व्हीलॉक, हात वर करत धावत आला. रडगाणं पुरे झालं, पाहुणे दमलेत, फोटोवाला इथंच उभा आहे, तेव्हा नाच इथूनच सुरू करा, म्हणाला.

मी म्हटलं, "साहेब, दोनच कोपरे... त्या फाटकापर्यंत जाऊ द्या..."

एक पोलीस मोटारसायकलवरून उतरला. त्यानं आपला दंडुका माझ्या ड्रमवर ठेवला, अगदी हलकेच.

"पोरा," तो म्हणाला, "फडकं काढ."

मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. माझी थोरली मुलगी त्याच्या वयाची होती. आणि मी काढलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच, या हातानं. व्हीलॉकवर राग आहे, त्या पोलिसावर आहे, पण रात्री उशाशी येऊन बसतो तो राग या हातावरचा आहे.

तारा कडाडल्या. विक्रेते नाचासाठी आणलेल्या रंगीत छत्र्या उघडून नाचवू लागले. आम्ही जलद धून धरली, पण क्लॅरिनेट आमच्याबरोबर आलं नाही. त्या सगळ्या धिंगाण्याच्या खाली ते तीच संथ धून वाजवत राहिलं... आधी मागे, मग माझ्या खांद्याशी, मग अगदी कानाशी... आणि एका ओळीच्या मध्येच श्वास तुटल्यासारखं थांबलं.

पेटी खांद्यांवरून निसटून खाली आदळली. दगड शोधायला व्हीलॉकनंच झाकण उघडलं. आत पांढरं साटिन, दुसरं काही नाही. मी खाली दडवलेली पत्ती वर आली होती, आणि ती ओली होती. तोंडातून आत्ताच काढल्यासारखी. व्हीलॉकनं बोट लावलं, तोंड वाकडं करून पँटला पुसलं आणि झाकण लावलं. मग दोनच माणसांनी पेटी उचलून परत हॉटेलात नेली. पुढच्या वर्षी कामाला येईल म्हणून.

मी मागे धावलो. पुढच्या दारानं आम्हा काळ्यांना जाताच येत नव्हतं. मागच्या दारावरचा माणूस म्हणाला, सोमवारी ये. सोमवारी म्हणाला, पेटी तळघरात कुलपात आहे, तुझं काय राहिलंय त्यात?

ऑर्टेन्सनं एवढंच विचारलं, "कुठे सोडलास त्याला?" मी कोपऱ्याचं नाव सांगितलं. तिनं दार लावून घेतलं. पातेलं मागायला मी परत गेलो नाही.

त्यानंतर मी चामडं बदललं, तारा बदलल्या. दुसऱ्या कुणीही वाजवला तर हा ड्रम कडकडतो, तुम्ही स्वतः ऐकलंत. आता त्या काठ्या इकडे द्या.

ऐकलंत? दबका. रुमाल खोचल्यासारखा. वाकून पाहा खाली, आहे का रुमाल? नाही ना. आता तारांवरून बोट फिरवा. फिरवा, घाबरू नका. ओल्या लागल्या ना? मघाशी तुमच्यासमोरच मी कोरड्या फडक्यानं पुसल्या होत्या...

पुसा ते बोट पँटला. व्हीलॉकनंही तसंच केलं होतं.