पेल्यावरची चकती

कोलोनला जायचं ते खायलाच, हे अन्सगारनं घरूनच ठरवलं होतं. "कॅथेड्रल काय, शंभर वर्षांनीही तिथंच असेल," तो बायकोला म्हणाला, "माझी भूक मात्र आहे तोवरच आहे."

त्याच्या पोटात गाठ होती. सोमवारी परत आपल्या गावी, कासेलच्या इस्पितळात, नवा उपचार सुरू करायचा की नाही ते त्यानं सांगायचं होतं. रोझविथाचा जीव त्या एका होकारात अडकला होता. निदान पुढचा उन्हाळा तरी नवऱ्यानं पाहावा, याहून तिचं मोठं मागणं नव्हतं. तो म्हणायचा, "कोलोनमध्ये सांगतो, पोटभर जेवल्यावर." जन्मभर बेकरी चालवलेला माणूस तो, उपाशीपोटी त्याला काही ठरवताच येत नसे.

शुक्रवारी कॅथेड्रलसमोरच्या गाडीवर त्यांनी किसलेल्या बटाट्याचे घावन घेतले. गाडीवालीनं एकच बशी आणि एकच काटा पुढे केला.

"अहो, आम्ही दोघं आहोत."

"अगंबाई! माफ करा हं. मला वाटलं तुम्ही एकट्याच आहात."

अन्सगार हसला. "बघ, किती बारीक झालोय. लोकांना दिसेनासाच झालो." रोझविथालाही हसावं लागलं, आणि तिनं आणखी एक काटा मागून घेतला.

शनिवारी ऱ्हाईनवरच्या बोटीत चढताना तिकीट तपासनिसानं तिला आत सोडलं आणि तिच्या पाठोपाठ साखळी लावून टाकली. अन्सगार धक्क्यावरच राहिला. तिनं ओरडून सांगितल्यावर त्या माणसानं घाईघाईनं साखळी काढली, पण अन्सगारकडे तो असा बघत राहिला की तिचा संताप झाला. नंतर बोटीत अन्सगार नुसता पाण्याकडे बघत होता.

रविवारी दुपारी ती दोघं जुन्या गावातल्या बिअरच्या खानावळीत गेली. घासून पांढरी पडलेली लाकडी टेबलं, तळलेल्या कांद्याचा आणि व्हिनेगरचा वास, आणि गलका असा की शेजारच्याचंही ऐकू येऊ नये. इथं बिअर मागावी लागत नाही. पेला रिकामा झाला की निळ्या एप्रनमधला वेटर न विचारता भरलेला ठेवून जातो. पुरे झालं की पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवून तो झाकायचा. मगच तो थांबतो.

अन्सगारनं गोळ्या घ्यायला पाणी मागितलं.

"पाणी?" वेटर कमरेवर हात ठेवून म्हणाला. "मग साबण आणि टॉवेलही आणतो, काका. आंघोळच उरकून घ्या."

अन्सगारच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. तो असा हसून किती दिवस झाले होते! निदान या टोमणेबाजाला तरी आपला नवरा दिसतोय, या विचारानं रोझविथाला हायसं वाटलं.

पहिला पेला संपला. वेटरनं तिच्यापुढे भरलेला ठेवला आणि तो पुढे निघून गेला. अन्सगारच्या पेल्यावर चकती होती.

"झाकलास कशाला?"

"मी कशाला झाकू? तहान लागलीय मला."

तिनं चकती काढली. काळ्या सॉसेजचा तुकडा कापण्यापुरती तिची नजर खाली गेली असेल. वर पाहते तो पेल्यावर पुन्हा चकती, अगदी नीट मधोमध बसलेली. अन्सगारचे दोन्ही हात काट्या-सुरीवर होते.

ती वेटरवर भडकली. "तुम्ही ठेवताय का या? ही कसली चेष्टा?"

"बाई, तोंडानं मी वाट्टेल ते बोलतो," तो म्हणाला, "पण दुसऱ्याचा पेला मी झाकत नाही. ते पिणाऱ्यानं करायचं, नाहीतर त्याच्या माणसानं."

तिनं टेबलावरच्या सगळ्या चकत्या गोळा केल्या, पर्समध्ये कोंबल्या आणि चेन ओढली. आता अन्सगारपुढे भरलेला पेला आला. दोन घोट घेऊन त्यानं ओठावरचा फेस पुसला.

"ऐक. उद्या हो सांगून टाकू आपण."

"खरंच?"

"खरंच. कॅथेड्रलचा मनोरा चढायचा राहिलाय माझा. तेवढी ताकद यायला हवी ना?"

तिला रडू फुटलं. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. कांद्याचा वास येणाऱ्या अंगठ्यानं त्यानं तिचा गाल पुसला. "पुरे गं. लोकांना वाटेल, बिल बघून रडतेय." मग पेला संपवून तो उठला. "आलोच," म्हणाला आणि टेबलांमधून वाट काढत स्वच्छतागृहाकडे गेला.

तिनं डोळे पुसले आणि समोर पाहिलं.

अन्सगारच्या रिकाम्या पेल्याशेजारी एक चकती होती. पर्सची चेन बंदच होती.

तिनं ती जमिनीवर भिरकावली. आणखी कुठून येईल या भीतीनं तिनं आपला तळहातच पेल्याच्या तोंडावर ठेवला. मांजर टपून बसलेलं असताना दूध झाकावं, तसा घट्ट.

वेटर आला, थांबला. तिच्या हाताकडे बघत राहिला. या वेळी त्यानं टोमणा मारला नाही.

"बरं बाई," तो हळूच म्हणाला.

काय झालं ते कळायला तिला एक क्षण लागला. तिनं हात झटकन काढला. "नाही, नाही! झाकला नाही मी! नुसता हात होता. भरा ना तो, भरा!"

त्यानं पेला उचललेलाही होता. अन्सगारच्या बाजूचं टेबल त्यानं फडक्यानं कोरडं पुसलं.

स्वच्छतागृहाचं दार उघडलं. एक तरुण बाहेर आला.

पुन्हा उघडलं. कुणी दुसरंच.

जागा शोधत आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी अन्सगारच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "इथं कुणी आहे?"

"माझा नवरा आहे," रोझविथा म्हणाली. "येईलच इतक्यात."

बाईंनी वेटरकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मग बाईंनी खुर्चीवरचा अन्सगारचा कोट उचलला, बाह्या आत घेऊन त्याची नीट घडी घातली आणि ती रोझविथाच्या मांडीवर ठेवली.

"मीही बराच वेळ असंच म्हणत होते," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.