चौथ्या चाकाची हवा

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी परतवाड्याचा वाहेद मिस्त्री दुकानासमोर मोटारसायकलची चेन पुसत बसला होता. दुकान फवारणीच्या पंपांच्या दुरुस्तीचं. पण पावसाने पाठोपाठ तीन सालं दगा दिला, त्यात कपाशीवर बोंडअळी पडली, आणि दुरुस्तीला पंप येणंच थांबलं. तेव्हा त्याने दुसरं काम धरलं होतं. पुण्या-नागपूरकडून मेळघाट बघायला मोटारसायकलवाल्यांच्या टोळ्या येत, त्यांच्या मागोमाग हा जायचा. कोणाची चेन तुटली, कोणाचं चाक बसलं, की वाहेद हजर. त्यासाठी त्याने लांब पल्ल्याची एक जुनी उंच गाडी घेतली होती, आणि तिच्या डाव्या पिशवीत हवा भरायची मशीन कायम असे. वीतभर लांबीची काळी पेटी. गाडीच्या बॅटरीला जोडली की घरघर करत हवा भरायची, किती भरली ते वरच्या काट्यावर दिसायचं. आठ-दहा मिनिटं चालली की मात्र तापायची. मग तिला गार होऊ द्यावं लागे.

साडेनऊला धारणीहून जावयाचा फोन आला.

"अब्बा, लुबनाले पोरगी झाली," अफनान रडत म्हणाला.

"मंग रडून काहून राहिला?"

"रक्त थांबून नाई राहिलं, अब्बा. डॉक्टर म्हणते दोन पिशव्या पाहिजेत. तिच्या गटाचं रक्त इथं नाई. अमरावतीले हाये. अॅम्ब्युलन्स दुसऱ्या बाईले घेऊन गेली... मी इथून हलू कसा?"

वाहेदने हात पुसलेसुद्धा नाहीत. साडेअकराला तो अमरावतीच्या रक्तपेढीतून बाहेर पडला तेव्हा मागच्या सीटवर थर्मोकोलचा डबा दोरीने आवळलेला होता. आत बर्फात दोन पिशव्या. डब्याला सगळीकडून चिकटपट्टी लावून वर शिक्का मारलेला. पुढे दीडशे किलोमीटर, त्यातला निम्मा घाट.

सेमाडोह मागे पडलं आणि गाडीचं मागचं चाक लडबडायला लागलं. उतरून बघतो तर बाभळीचा काटा. भोक बारीक होतं, पण हवा जात होती. ट्यूबचं चाक, खोलायचं तर तास गेला असता. त्याने मशीन जोडली, हवा भरली आणि निघाला. दहा-बारा किलोमीटरवर पुन्हा चाक बसलं. पुन्हा मशीन जोडली. डोक्यावर अडीचचं ऊन. सागाला एक पान नाही, नुसत्या काड्या उभ्या. डब्यातला बर्फ वितळतोय हे त्याला बाहेरूनही कळत होतं. दोरीखालून पाण्याचा एकेक थेंब टपकत होता.

काटा वर चढत होता. तेवढ्यात त्याला वास आला.

उग्र, गोडसर, घशाला लागणारा. फवारणीच्या औषधाचा. वीस वर्षं तो वास त्याच्या हाताला होता, त्यात चूक होणं शक्य नव्हतं. पण आजूबाजूला रान. शेत नाही, बांध नाही. आणि मे महिना. पराटी म्हणजे कपाशी अजून पेरलेलीच नव्हती, मग फवारतोय कोण?

"भाऊ... हवा हाये काय?"

वळणावर एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, पायात काही नाही. त्या तापलेल्या डांबरावर ती अशी उभी होती, जणू ओसरीवर उभी आहे. दोन्ही तळहात काळेकुट्ट, चाक ओढून ओढून व्हावेत तसे.

वाहेदला नाही म्हणायचं होतं. पण मशीन पायाशी घरघरत होती. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

"मले घाई हाये, बाई. माही पोर दवाखान्यात हाये."

"आमालेबी दवाखान्यातच जायचं हाये," ती म्हणाली. "फवारून राहिला होता. तिथंच पडला. छाती भरली त्याची... एका चाकात हवा नाई, भाऊ. एकाच चाकात."

वळणाच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला, एक जीप उभी होती. मागच्या फळीवर एक माणूस आडवा पडलेला. तोंड दिसत नव्हतं, फक्त छाती दिसत होती. घशात पाणी असल्यासारखा तो श्वास घेत होता.

पाच मिनिटं, वाहेदने मनाशी ठरवलं. पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. त्याने गाडी ढकलत जीपजवळ नेली, नळी चाकाला लावली आणि बटण दाबलं.

काटा दहावर गेला. पंधरावर. तिथेच थरथरला आणि खाली यायला लागला. मशीन चालू असतानाच. मग पुन्हा वर चढला, पुन्हा खाली आला. वाहेद नळी दाबून धरत होता, आणि हळूहळू त्याच्या कानात एक गोष्ट शिरली. काटा चढला की फळीवरच्या माणसाची छाती भरत होती. काटा पडला की तिच्यातून लांब सुस्कारा बाहेर येत होता.

योगायोग असेल, म्हणून त्याने पुन्हा ऐकलं. मग पुन्हा.

मशीन हाताला चटका देण्याइतकी तापली. भरलेली हवा कुठे चालली आहे ते बघायला तो चाकापाशी वाकला. टायरच्या बाजूंना बोट शिरेल एवढ्या भेगा होत्या. भेगांमधून वाळलेलं गवत वर आलं होतं. एक वेल चाकाच्या आऱ्यातून निघून जमिनीत गेली होती. ती कालपरवाची नव्हती, तिचं खोड अंगठ्याएवढं जाड होतं. या चाकाखालची माती कित्येक पावसाळ्यांत हलली नव्हती.

त्याचा हात बटणाकडे गेला. बाईने त्याचं मनगट धरलं. त्या उन्हात तो हात विहिरीतल्या दगडासारखा गार होता.

"बंद नोको करू, भाऊ..."

"मशीन जळते, बाई."

"बंद नोको करू. आता कुठं त्याले श्वास आला."

  डब्यातून टपकणारं पाणी धुळीत जिरत होतं. वाहेद रडायला लागला. मोठ्या माणसाला लाज वाटावी असा, गळा काढून.

"माही पोर मरून राहिली वं... एकुलती एक हाये. दोन पिशव्या रक्त हाये त्या डब्यात. बाई, मले जाऊ दे. अल्लाची आण, मले जाऊ दे."

 मशीनची घरघर, आणि फळीवरचा तो श्वास.

"कुठं हाये पोर?"

"धारणीले."

तिने डब्याकडे पाहिलं. मग मनगट सोडलं.

"आमालेबी तिथंच जायचं होतं," ती म्हणाली. "जा."

त्याने नळी खेचली. चाकातून फुस्स झालं आणि मागच्या फळीवरचा आवाज थांबला. एकदम. मधेच.

वाहेदने मागे वळून पाहिलं नाही. आपल्या चाकातली हवा पुन्हा जात होती तरी तो थांबला नाही. लडबडत्या चाकावर, दात आवळून, हरिसाल मागे टाकलं. आपण काय केलं, हा एकच विचार त्याच्या डोक्यात होता. नळी आपल्याच हाताने काढली. दुसऱ्या कोणी नाही.

धारणीच्या दवाखान्यात तो शिरला तेव्हा पावणेपाच वाजले होते. अफनान दारातच धावत आला आणि त्याच्या गळ्यात पडला.

"वाचली, अब्बा! लुबना वाचली."

वाहेदला काही कळेना. डबा अजून त्याच्या हातात होता. आतून दामिनी सिस्टर आल्या.

"दुसरी पिशवी आणली ना? द्या इकडं."

"दुसरी?"

"पहिली लावली की मघाशीच. तुमी पाठवली ना त्या बाईसंगं. नाव, गट, नंबर, सगळं तपासून घेतलं मी. अजून तासभर गेला असता तं पोरगी हाती लागली नसती, मिस्त्री."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला. चिकटपट्टी सगळीकडून जशीच्या तशी होती. शिक्काही मोडलेला नव्हता. सिस्टरांनी कात्रीने पट्टी कापून झाकण काढलं. वितळलेल्या बर्फात एकच पिशवी तरंगत होती.

सिस्टरांनी बर्फात हात घालून पुन्हा चाचपलं.

दवाखान्यातले जुने शिपाई नत्थुजी दाराशी उभे होते. त्यांनी विचारलं, "सिस्टर, बाई कशी होती?"

"साधीच. पायात चप्पल नव्हती. हात काळे होते, मी धुवायले सांगितले तं म्हणाली, निघत नाई."

नत्थुजी भिंतीला टेकून खाली बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "जयवंता. नवऱ्याचं नाव देवमन. फवारताना औषध चढलं त्याले. दुसऱ्याची जीप मागून घेऊन निघाले, अन् घाटात चाक बसलं. स्टेपनी नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याले हवा मागत फिरली ते. कोणी थांबलं नाई. देवमन जीपमधेच गेला. चार वर्सं झाली. अन् तिनं त्याच संध्याकाळी उरलेलं औषध..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

वाहेदने लुबनाचा चेहरा पाहिला. पांढरा फटक, पण पाणी मिळालेल्या रोपाला टवटवी यावी तशी ओठावर थोडी लाली परतलेली. नात अफनानच्या मांडीवर झोपली होती. त्याने दोघींच्या डोक्यावर हात ठेवला आणि हवा खायला म्हणून बाहेर आला.

पायऱ्यांसमोरच्या अंगणात बारीक पांढरी धूळ होती. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत चाकांच्या खुणा आल्या होत्या. एका बाजूला टायरचे स्वच्छ नक्षीदार ठसे. दुसऱ्या बाजूला टायरच्या ठशावरूनच ओढत गेलेली एक बारीक खोल रेघ, टायर फाटून उघडं पडलेलं लोखंड जमिनीत रुतत गेल्यासारखी.

खुणा पायऱ्यांपाशी येऊन थांबल्या होत्या. वाहेदने अंगणाला दोनदा चक्कर मारली, फाटकापर्यंत जाऊन आला. जीप कुठेच नव्हती. आणि बाहेर जाणारी एकही खूण नव्हती.

आतून, लुबनाच्या वॉर्डातून, कोणीतरी मोठा, भरून श्वास घेतल्याचा आवाज आला. पुरुषाचा. जीपच्या फळीवर मधेच थांबला होता, तोच.