निळ्याखालचा तांबडा

नदीच्या मुखाशी पाण्याची खोली मोजणाऱ्या त्या माणसाला सगळं बंदर मापाड्या म्हणायचं. चहात साखरसुद्धा हा माणूस दोनदा मोजून घालेल, असं त्याची बायको म्हणायची आणि ते खोटं नव्हतं.

रोज सकाळी, पहिली प्रवासी लाँच सुटायच्या आधी, तो सरकारी होडीतून मार्ग मोजायला निघे. होडीवर खोली दाखवणारं यंत्र होतं, पण त्याचा जीव दोरीला बांधलेल्या शिशाच्या गोळ्यावर. गोळ्याच्या बुडाशी एक खळगा होता. त्यात तो कपडे धुण्याचा साबण मऊ करून भरी. गोळा टेकला की तळाची वाळू, चिखल, जे असेल ते साबणाला चिकटून वर येई. यंत्र खोली सांगतं, तळ साबणच सांगतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य. होडी चालवणारे काका ते एकतीस वर्षं ऐकत होते आणि एकतीस वर्षं जांभई देत होते.

सोमवारी वळणावर, जिथे नकाशात नऊ मीटर लिहिलं होतं, दोरी सातवरच ढिली पडली. यंत्र मात्र नऊ म्हणत होतं. साबणाला लाकडाची निळी कपची चिकटली होती. कुठलंतरी बुडालेलं धूड वाहत येऊन अडकलं असावं. अशा धुडावर भरली लाँच आपटली तर फुटायला क्षण लागत नाही, म्हणून मार्ग बंद करून पाणबुड्याला खाली सोडलं. तो वर आला तो वैतागूनच. खाली सपाट चिखल होता, दुसरं काही नाही.

"पण मी तळाशी असताना डोक्यावरून लाँच कशी जाऊ दिलीत?" त्याने विचारलं. "सावली पडली माझ्यावर."

मापाड्याने काकांकडे पाहिलं. सकाळपासून तिथून एक फळकूटही गेलं नव्हतं.

मार्ग पुन्हा खुला झाला. मंगळवारी दोरी साडेपाचवर टेकली. बुधवारी चारवर. खाली जे होतं ते वर येत होतं. मापाड्याने बुधवारची कपची घरी नेली आणि खिडकीपाशी बसून सुरीने खरवडली. निळ्याखाली तांबडा निघाला.

सुरी त्याने खाली ठेवली. निळ्याखाली तांबडा असलेली लाँच अख्ख्या बंदरात एकच होती, त्याच्या मुलीची. दोन वर्षांपूर्वी मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांना देऊन उरलेला तांबडा रंग वाया कशाला घालवायचा म्हणून त्यानेच तिच्या लाँचला खालचा हात मारला होता. मुलगी ती लाँच चालवत होती. दिवसाला चार फेऱ्या, फेरीला साठ माणसं. तरायला लाँचला दोन मीटर पाणी लागे.

तो तसाच धक्क्यावर गेला आणि लाँचच्या अंगावरून हात फिरवत राहिला. कुठे टवकाही उडालेला नव्हता.

रात्री जेवताना त्याने मुलीला आठवडाभर रजा घ्यायला सांगितलं. का, तेही सांगितलं. ती हसली.

"बाबा, लाँच माझ्या पायाखाली आहे. पाण्याखाली कशी असेल?"

त्याने ताट बाजूला सारलं. एकुलती एक पोर, आणि तिला वाचवायला हातात काय, तर साबणाची वडी.

बंदराच्या साहेबांनीही त्याला उडवून लावलं. यंत्र नऊ सांगतं, पाणबुड्या सपाट म्हणतो, मग मार्ग काय साबणाच्या भरवशावर बंद करू? तेव्हा मापाड्याने एकतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. गुरुवारी नोंदवहीत धडधडीत खोटं लिहिलं : वळणावर दीड मीटर, दोरीने आणि यंत्रानेही. खाली सही केली. दुपारपर्यंत वळणावर धोक्याचा बोया लागला आणि लाँचचा मार्ग पलीकडच्या काठाकडे सरकला. तिथे आठ मीटर पाणी होतं, शनिवारीच त्याने मोजलेलं. त्या रात्री तो ढाराढूर झोपला.

शुक्रवारी निघायला उशीर झाला. आधी त्याने वळण मोजलं. नऊ. साबणाला काळाभोर, स्वच्छ चिखल. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने काकांच्या पाठीत एक धपका घातला. मग नेमाप्रमाणे होडी नव्या मार्गावर घेतली. मागे धक्क्यावरून मुलीची लाँच सुटली होती, वेळेवर.

त्याने गोळा सोडला.

दोरी हातातून सुटते न सुटते तोच ढिली पडली. दोन मीटरला चार बोटं कमी.

"आठ," काका यंत्राकडे बघत म्हणाले.

ओढताना गोळा जड लागला. कुणीतरी धरून ठेवावा तसा. मग सुटला.

साबणाला कपची नव्हती, चिखल नव्हता. चार बोटांचे ठसे होते, शेजारी शेजारी, नखांसकट. साबण कोमट होता.

मापाड्या होडीत उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांताने हलवू लागला. मागे फिर, मागे फिर, तो ओरडत होता. इंजिनाच्या आवाजात ते कुठे ऐकू जाणार.

लाँचच्या खिडकीतून मुलीनेही हात वर केला. तिला वाटलं, बाबा बोलावताहेत. तिने सुकाणू फिरवलं आणि लाँच सरळ त्याच्या होडीच्या दिशेने घेतली.