काखेतली सुई

सासूच्या तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून वरण ओघळलं आणि वर्षाराणीनं तोंड फिरवून ते पुसलं. साखराबाईंची डावी बाजू लुळी पडल्याला सात महिने झाले होते. आंघोळ, चादरी, शौचाचं भांडं, सगळं तीच करायची. नवरा आदिनाथ सकाळीच लातूरच्या डेपोत कामावर जायचा. लोक म्हणत, सून असावी तर अशी! पण त्या सेवेत मायेचा टिपूसही नव्हता, नुसती शिसारी होती... आणि ती लाळेची नव्हती, हे फक्त तिच्या अंतःकरणाला ठाऊक होतं.

नऊ वर्षांपूर्वी, पहिलटकरीण असताना, तिनं पुस्तकातला नमुना बघून इवलंसं टोपडं विणलं होतं. सातव्या महिन्यात मूल गेलं. साखराबाईंनी साऱ्या भावकीसमोर ते टोपडं मेलेला उंदीर धरावा तसं चिमटीत धरलं आणि उकिरड्यावर फेकलं. "जन्माआधी विणलं म्हून गेलं लेकरू." त्यानंतर तिनं सुयांना हात लावला नव्हता.

आणि आज तीच बाई बोबड्या जिभेनं म्हणाली, "मला विणायचं शिकीव. एक हात तरी हाय."

"कोणत्या तोंडानं मागता, आत्याबाई?"

 तरी साखराबाई रोज मागत राहिल्या.

शेवटी डॉक्टरांनीही हाताला काम द्या म्हटल्यावर, वर्षाराणी औसा रोडवर सौदामिनीबाईंच्या विणकामाच्या क्लासला गेली. बाईंनी एका हाताची रीत दाखवली: एक सुई लुळ्या हाताच्या काखेत खोचायची, दुसरीनं टाके उचलायचे. वर्षाराणीनं आपला डावा हात पदरानं कमरेला बांधून आठ दिवस सराव केला. बोटं इतकी वर्षं उपाशी होती, हे तिला तेव्हा कळलं... आणि त्या आनंदाचीही तिला किळस आली.

शिकवायचं म्हणजे अंगाला अंग लावून बसायचं. काखेत सुई खोचताना घामाचा आंबूस वास नाकात शिरायचा, ती श्वास रोखून म्हणायची, "घ्या दोरा. ओढू नका."

बाराव्या दिवशी साखराबाईंची बोटं अचानक थांबली.

"तवा तू दोन दिस कळा येतात म्हणत होतीस. आदिनाथ दवाखान्याला न्यायला गाडी आणतो म्हणला. म्याच न्हाई म्हणले, नाटकं करायली म्हणले... लेकरू गेल्यावर दोष माझ्यावर येईल म्हून टोपड्यावर ढकलला."

वर्षाराणी उठली. न्हाणीत जाऊन भडभडा ओकली. नऊ वर्षं ती स्वतःच्याच हातांकडे खुनी म्हणून पाहत आली होती! तोंड धुऊन ती दारात येऊन उभी राहिली.

"हे मला एकटीला सांगून भागणार नाही. ज्यांच्यासमोर टोपडं फेकलं होतं, त्यांच्यासमोर सांगा."

येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, सगळी भावकी चाकूरजवळच्या शेतात जेवायला जमली. भज्जी-आंबील वाढून झाली तेव्हा साखराबाईंनी हात वर केला. शब्द फुटेनात, वाक्यं मोडत होती, हनुवटीवरून थेंब गळत होते. तरी त्या बोलत राहिल्या. वर्षाराणीची मोठी जाऊ भामाबाई म्हणाली, "जाऊ द्या ना, सणाच्या दिवशी कशाला?"

"गप बस," साखराबाई म्हणाल्या. "माझ्या सुनंनं न्हाई, म्या मारलं लेकरू."

आदिनाथनं घास ताटात ठेवला. तो बायकोकडे पाहत राहिला आणि हुंदका फुटून म्हणाला, "मी तरी कुठं विचारलं गं तुला कधी..."

वर्षाराणीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. सासूच्या अंगाचा तो वास आताही तिला येत होता. तो कदाचित जन्मभर येणार होता. तरी ती उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली, आणि सगळ्यांच्या देखत आपलं ताट त्यांच्या ताटाला लावलं.

"सोमवारी मला क्लास आहे," ती म्हणाली. "दुपारी डेपोतून येऊन हे तुमच्याजवळ थांबतील."

"जा," साखराबाई म्हणाल्या. "आता रोज जा."