मैदानातलं बी कुणी पळवलं?

"सकाळपासून मैदानात किती कबुतरं उतरली?" कुंपणाच्या फटीतून डोळा न काढता नेलनं विचारलं.

"दोन!" तिचा मित्र बिलाल वहीत बघून म्हणाला. "त्यातलं एक तर उतरलं आणि उन्हात नुसतं झोपलं!"

"दोन कबुतरांनी अख्खं मैदान खाल्लं? पोट आहे की पोतं?" नेलचा धाकटा भाऊ राल्फ खिदळला.

ईस्टरची सुट्टी लागल्यापासून तिघांना दुसरा उद्योगच नव्हता. यॉर्कशरमधल्या त्यांच्या गावात लाकडी गोळे घरंगळवायच्या खेळाचं एक मैदान होतं. मधोमध जरा उंच, कडांकडे उतरतं आणि भोवती चर. तिथल्या देखरेखीचं काम मिस्टर हॅरॉप यांच्याकडे. त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी नवं गवत पेरलं होतं, पण मधला उंचवटा अजून बोडकाच! हॅरॉपनी सगळं खापर शेजारच्या म्हाताऱ्या मिस्टर क्लेग यांच्या कबुतरांवर फोडलं. शनिवारी क्लबच्या सभेत ठराव होणार होता, की कबुतरांची ढाबळ मोडायची. बायको गेल्यापासून मिस्टर क्लेगना बोलायला ती कबुतरंच तर होती!

तेवढ्यात राल्फची टोपी वाऱ्यानं उडून चरात पडली. तो धावत गेला आणि तिथूनच ओरडला, "नेल, लवकर ये! इथे गवत आलंय!"

नेल चराजवळ गुडघ्यावर बसली. कोवळं, दाट, मखमलीसारखं गवत! "चरात कुणी कशाला पेरेल?" ती पुटपुटली. तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला.

संध्याकाळी ती मुद्दाम कुंपणाशी थांबली. मिस्टर हॅरॉप आले, ते घड्याळाकडे बघतच. फुटबॉलचा सामना सुरू व्हायला पाच मिनिटं होती. त्यांनी जाडजूड नळी पुरती सोडली आणि उंचवट्यावर धो धो पाणी मारलं. गढूळ ओघळ उताराकडे पळाले. नेलचे डोळे चमकले!

दुसऱ्या दिवशी तिनं क्लबच्या अध्यक्षा मिसेस ऑग्डन यांच्याकडून उरलेलं बी मूठभर मागून आणलं. तिघांनी ते बीटच्या रसात भिजवून वाळवलं. बी लालभडक आणि राल्फची जीभसुद्धा!

शनिवारी सगळी मंडळी मैदानाशी जमली. मिस्टर क्लेग एका बाजूला टोपी हातात धरून उभे होते.

"मिसेस ऑग्डन, ठरावाआधी एक विनंती," नेल पुढे आली. "हे लाल बी मी उंचवट्यावर टाकते. मग मिस्टर हॅरॉपनी रोजच्यासारखं पाणी घालावं."

"पोरखेळ नुसता!" हॅरॉप गुरगुरले. "पाणी कसं घालायचं ते आता पोरं शिकवणार मला?"

"छे! आम्हीच तुमच्याकडून शिकणार," बिलाल अगदी साळसूदपणे म्हणाला.

हॅरॉप खुलले. त्यांनी ऐटीत नळी उचलली आणि पाणी सोडलं. धो धो! पाहता पाहता लाल ठिपके तरंगले, रांगेनं उतारावरून निघाले आणि थेट चरात जाऊन पडले! कबुतरं आपली छपरावर पिसं साफ करत बसली होती.

"अरेच्चा!" हॅरॉपच्या हातातली नळी गळून पडली.

"चोर सापडला!" राल्फ ओरडला. नेलनं त्याला कोपरानं ढोसलं.

"हॅरॉप," मिसेस ऑग्डन हसू दाबत म्हणाल्या, "ढाबळ राहू दे. नळी मात्र हटवावी लागेल!"

त्याच दुपारी नवं बी पेरलं गेलं. त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर दिला आणि भोवती दोरी बांधली. मग रोज सकाळ-संध्याकाळ तिघं झारीनं हलकेच पाणी शिंपडू लागली. कुणी दोरी ओलांडली की राल्फ शिट्टी फुंकायचा, मग ते हॅरॉप का असेनात!

बाराव्या दिवशी उंचवट्यावर हिरवी लव उठली. मिस्टर हॅरॉप दोरीपाशी उकिडवे बसून कितीतरी वेळ पाहत राहिले. "तीस वर्षं मी या मैदानात राबलो, पण पोरांनो, तुमच्यासारखं नीट बघितलं नाही," ते म्हणाले. मग उठून, कपडे झटकून ते मिस्टर क्लेग यांच्या फाटकाशी गेले.

"क्लेग, चुकलं माझं."

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं आणि फाटक उघडलं. "ये आत. चहा टाकलाय. आणि त्या तिघांनाही बोलव!"