दोन बोटं

शूहेईनं दगड धाकट्या बहिणीच्या, हिसानोच्या, कामाच्या पाटावर ठेवला आणि सांगितलं, पुढच्या रविवारच्या दगडांच्या प्रदर्शनासाठी याच्याखाली पातळ लाकडी बैठक हवी, करंगळीच्या जाडीची. मग तो बाबांना भेटायला आत वळला आणि नेहमीप्रमाणे चौकटीवरच्या आडव्या लाकडाला त्याचं कपाळ थडकलं. माणूस सहा फुटी आणि घर जुनं, ठेंगणं. बाबांनी तिथं कधीचीच कापडाची गादी ठोकून दिली होती, तरी आवाज व्हायचाच.

"आला का शूहेई?" आतून बाबा म्हणाले. डोळे गेल्यापासून ते थोरल्याला त्या आवाजावरूनच ओळखत.

हिसानोनं दगड उलटा केला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खालची बाजू टोफूच्या वडीसारखी सपाट कापली होती.

इबी नदीतून बाबांनी तो आणला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्यानंतर एकेचाळीस वर्षं रोज सकाळी अंगणातल्या फळीवर त्याला पाणी. उन्हापावसानं, पाण्यानं आणि हातांनी त्याचा काळा रंग असा मुरला होता की भिजला की दुपारपर्यंत सुकत नसे. 'दूरचा डोंगर' हे नाव बाबांनीच ठेवलेलं. त्यांचा नियम एकच होता. हत्यार लावायचं ते लाकडाला, दगडाला नाही. तो नियम हिसानोच्या पोटापाण्याचा झाला आणि तिनं कोरलेली पहिली बैठक याच दगडाची होती, त्याच्या वाकड्या पोटाच्या मापाची, खोल. गेल्या महिन्यात शूहेई "प्रदर्शनाआधी स्वच्छ करतो" म्हणून दगड घेऊन गेला आणि करवत लावून परत आला.

तो कपाळ चोळत बाहेर आला.

"कुणी केलं हे?" तिनं आवाज दाबून विचारलं.

"मीच. गेल्या वर्षी परीक्षक म्हणाले ना, डोंगराला ढेरी आहे म्हणून? दोन बोटं काढली, बस. आता बघ कसा ऐटीत बसेल."

"बाबांना सांग जा."

"वेड लागलंय का तुला? जीव सोडतील ते. तू बैठकीत असा गच्च बसव की उचलताच येणार नाही."

दगड जोपासणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष झाला होता तो, यंदाच. प्रदर्शनात दगडाखाली लावायची चिठ्ठीसुद्धा लिहून आणली होती, 'नैसर्गिक, अखंड'. हिसानोला ती चिठ्ठी त्याच्या तोंडात कोंबावीशी वाटली. पण प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाबा दगड मांडीवर घेत आणि त्याच्या पोटाखालून हात फिरवत. या वेळी त्या हाताला काय लागेल, याच्या भीतीनं ती हो म्हणाली. भावासाठी नाही.

दगडाच्या तळाला शेंदरी शाई फासायची, तो लाकडावर टेकवायचा, जिथं शाई उमटेल तिथं कोरायचं. सोमवारी अख्खी लाल चकती उमटली. मंगळवारी फक्त तीन ठिपके उमटले. हिसानोनं स्वतःच्या हाताला शिव्या घातल्या, ते ठिपके कोरून काढले, पण बुधवारी दगड पुन्हा डुगडुगत होता. बोट फिरवलं तर सपाट तळाला फुगवटा लागला. लाकडी पट्टीनं उंची मोजली. ती अर्ध्या बोटानं वाढली होती.

ती तडक शूहेईच्या घरी गेली. कापलेला तुकडा मित्सुयोवहिनीनं स्वयंपाकघरात मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर वजन म्हणून ठेवला होता. तो तिथंच होता, दोन बोटं जाडीचा, जसाच्या तसा. एकेचाळीस वर्षांची सेवा मुळ्यावर! हिसानोला तिथंच रडू आलं असतं, पण रागानं तेही येऊ दिलं नाही.

वहिनी शूहेईच्या पँटचे पाय आत दुमडून शिवत बसली होती. या आठवड्यात दुसऱ्यांदा, ती कुरकुरली. कापड लोंबतंय, टाचेखाली येतंय, म्हणजे हे वाकून चालायला लागले की काय.

शूहेई दारात आला तेव्हा हिसानोनं त्याला पुन्हा विचारलं, बाबांना सांगतोस का? त्यानं तिलाच झापलं, कामाचं बघ म्हणून.

शुक्रवारी तिनं माळ्यावरून जुनी बैठक काढली. दगड तिच्या जुन्या खुणेपर्यंत आत गेला आणि तोच जुना, मऊ आवाज झाला. करवतीची एकही रेघ तळाला उरली नव्हती. तिला बरं वाटायला हवं होतं.

शनिवारी दुपारी तिनं दगड बैठकीसकट बाबांच्या मांडीवर दिला. बाबांनी तो उचलला, पोटाखालून हात फिरवला, वाकड्या कडेवर अंगठा थांबवला.

"हाच," ते म्हणाले. "पण आज कोमट का लागतोय गं? उन्हात होता?"

तो सकाळपासून सावलीत होता. तिनं हो म्हटलं.

बाबांनी दगड परत बैठकीत ठेवला. पावलं वाजली. कुणीतरी चौकटीतून आत आलं.

"कोण आलंय?" बाबांनी मान वळवली.

"दादा आहे, बाबा."

"छे," बाबा म्हणाले. "आमचा शूहेई असा येत नाही."

शूहेई चौकटीखाली उभा होता, ताठ. चौकटीवरच्या गादीपर्यंत त्याचं कपाळ पोचत नव्हतं. पण त्याचं लक्ष दगडाकडे होतं, जुन्या बैठकीत बसलेल्या दगडाकडे. चेहरा उतरला आणि मग हळूहळू सावरला.

"आता तरी सांग त्यांना," हिसानो दातओठ खात म्हणाली.

"काय सांगायचं?" शूहेई म्हणाला. "अखंड तर आहे."

तिनं तोंड फिरवलं. उंचीबद्दल याला एक शब्दही सांगायचा नाही, तिनं ठरवलं.

बाबांच्या मांडीवर दगड किंचित डुलला. त्यांनी हाताच्या ओंजळीत तो सावरला, कडेनं बोट फिरवलं.

"हिसानो," ते म्हणाले, "ही बैठक लहान पडतेय गं याला."