मनगटाची सात हाडं

चांदवडला माहेरी गेले की जेवणं झाल्यावर आम्ही पोरी रंगनाथमामांभोवती ओट्यावर बसतो. त्या रात्री माझं लेकरू मांडीवरच होतं.

"माझ्याबरोबर एसटीत कंडक्टर होता सहादू, त्याच्या नाशकातल्या घरी घडलेलं सांगतो," मामा म्हणाले. "त्याची पोरगी संध्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. सोमवारी तोंडी परीक्षा. म्हणून सहादू मनमाडला जाऊन तिच्या मैत्रिणीकडून हाडांची पिशवी घेऊन आला. माणसाची, खरी."

"शी! घरात?" हर्षाली म्हणाली.

"तुला सुई टोचणारी नर्स अशीच शिकलेली असती, बावळट! तर पिशवी पलंगाखाली ठेवली. पण सहादूच्या बायकोला, धोंडाबाईला, चैन पडंना. कुणाचं तरी माणूस, असं पिशवीत, क्रियेवाचून! शुक्रवारी सकाळी तिनं मनगटाचं एक हाड उचललं, वाटाण्याएवढं, अन् रामकुंडावर गेली. कडेवर नातू. गुरुजींनी विचारलं, अस्थी कुणाच्या? म्हणाली, घरच्याच. पाणी देणारा कोण? तिनं नातवाचंच नाव सांगून टाकलं. रुद्र. आठ महिन्यांचं लेकरू! त्याच्या हातानं हाड पाण्यात सोडलं."

मी माझ्या लेकराला जवळ ओढलं.

"त्याच रात्री. मार्गशीर्षातली अवस. रुद्रचे आईबाप अंबडला कंपनीत, रातपाळीला. लेकरू संध्याजवळ झोळीत. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पोरगी हाडं मांडून पाठ करत होती. मनगटाची आठ. लागली सात. परत मोजली... सात.

दार वाजलं.

'कोण?'

'रुद्र हाय का घरात?'

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. लय नरम. संध्याला वाटलं, शेजारचे कुणी. 'झोपलाय तो. काय काम होतं?'

'बाकीचं... कधी सोडतो म्हणावं?'"

हर्षाली माझ्याजवळ सरकली.

"मग?"

"धोंडाबाई उठून बसलेली. तिला कळलं. तिनं पोरीचं तोंड दाबलं. बोलू नको... बाहेर पाणी ठिबकत होतं. दाराशी. मग खिडकीशी. मग... झोळीखाली."

"आतमधी?"

"आतमधी. संध्यानं झोळीत हात घातला. लेकरू होतं. जागं. रडत नव्हतं. वर बघून हसत होतं... कुणाकडं तरी.

उजाडायच्या आत सहादूनं सगळी पिशवी नेऊन कुंडात सोडली. परीक्षा गेली तर गेली म्हणाला. घरी आला, तर धोंडाबाई रुद्रला न्हाऊ घालत होती. एक मूठ घट्ट मिटलेली. उघडंना. दोघांनी मिळून उघडली. बोटात दर्भाची अंगठी, क्रिया करणाऱ्याच्या बोटात घालतात ती. ओली. त्याच्याच बोटाच्या मापाची."

"गुरुजींनीच घातली असंल," हर्षाली हळूच म्हणाली.

"रात्री दूध पाजताना हात मोकळे होते त्याचे." मामांनी माझ्या लेकराच्या मुठीकडं पाहिलं, मग नजर काढून घेतली. "कात्रीनं कापली ती. बोटावरचा वळ अजून गेला नाय. मी बघितलाय."